चिंधी आडवी झाली का?

सुरतेत राहून माझ्याकडे एकही धड साडी नाही, असं सांगितलं की बायका हसतात. ज्या गावातून साड्यांचे ट्रकच्या ट्रक भरून देशभर जातात, तिथली मी, आणि माझ्या प्रत्येक साडीच्या निऱ्यांना बारीक बारीक भोकं. उंदरांचा यात काही दोष नाही. ही भोकं बॅटरीतल्या ॲसिडची. थेंब उडतो तेव्हा काही दिसत नाही. साडी धुऊन वाळत घातली की तिथे छोटी खिडकी झालेली असते. आमचे हे म्हणाले, पंजाबी ड्रेस घालत जा. घातला. त्यालाही भोकं पडली. तेव्हापासून मी ॲसिडशी भांडण सोडलं.

उधन्यात आमचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. वायर ओढणं ह्यांच्याकडे, बॅटऱ्या आणि तोंड माझ्याकडे. ही वाटणी आपोआप झाली, कारण आमचे हे दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलतात आणि त्यातलं एक ‘वाढ जेवायला’ हे असतं. आता दुकान लेक आणि सून बघतात. मी गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून सल्ले देते. ते कोणी मागितलेले नसतात.

बाहेरच्या माणसाला हा धंदा कळावा म्हणून मी तो नेहमी पाण्याच्या भाषेत सांगते. बॅटरी ही टाकी आणि इन्व्हर्टर हा तिचा नळ. लाइट असते तेव्हा टाकी भरून ठेवायची, लाइट गेली की नळ सोडायचा. नळ मोठा आणि टाकी लहान असेल तर पाणी धो धो येतं आणि बघता बघता संपतं. म्हणून आम्ही आधी विचारतो, घरात काय काय चालवणार? सगळे एकच उत्तर देतात, ‘फक्त दोन पंखे आणि दोन ट्यूब.’ मग लाइट गेल्यावर सून इस्त्री लावते, सासरे गिझर लावतात, आणि टाकी रिकामी झाली की शिव्या आम्हाला. एका गिऱ्हाईकाने तर मला शपथेवर सांगितलं होतं की फक्त देवघरातला दिवा चालवायचा आहे. जाऊन बघते तर देवघराच्या मागच्या भिंतीतून वायर थेट एसीला.

आणखी एक सांगते. आमच्या धंद्याचं खरं संकट लाइट जाणं हे नाही, लाइट न जाणं हे आहे. सुरतेत आता लाइट फारशी जात नाही. वादळवाऱ्यात जाते, आणि दुरुस्तीसाठी ‘उद्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरवठा बंद’ असा मेसेज येतो तेव्हा जाते. तो मेसेज आला की दुकानात माझा चेहरा खुलतो, आणि सून म्हणते, आई, जरा बरं नाही दिसत.

पण आज मला बोरसे नानांबद्दल लिहायचं आहे. माझं गिऱ्हाईक, माझं डोकेदुखीचं औषध आणि डोकेदुखीही.

नाना लिंबायतच्या एका लूमच्या कारखान्यात मास्टर होते. मूळचे आमच्याकडचेच, खानदेशातले, तापीकाठचे. रिटायर झाल्यावर त्यांनी कामरेजच्या बाहेर, शेतांना लागून असलेल्या सोसायटीत घर बांधलं आणि आमच्याकडून इन्व्हर्टर बसवला. पहिल्या दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला, बॅटरी आजारी आहे. गेले. बॅटरीला हळद-कुंकू वाहिलेलं, झेंडूची माळ घातलेली, इथवर ठीक. खानदेशी माणूस दसऱ्याला यंत्राची पूजा करणारच. पण झाकणं उघडली तर आतलं पाणी गढूळ.

नानांनी दसऱ्याला बॅटरीत तापीचं पाणी घातलं होतं. तेही सुरतेचं नाही, इथे काय तापी उरलीय. मुद्दाम गावाकडून तांब्याच्या लोट्यात, मांडीवर धरून आणलेलं. तीच नदी आमच्या गावांवरून वाहत येते आणि सुरतेला समुद्राला मिळते, त्यामुळे इथल्या खानदेशी माणसाला ती माहेरून पाठोपाठ आल्यासारखी वाटते. मला राग आला, पण ओरडवेना. मी त्यांना सांगितलं, नदीच्या पाण्यात क्षार असतात, बॅटरीचं पोट नाजूक आहे, तिला डिस्टिल्ड वॉटर लागतं, पथ्याचं पाणी. नाना म्हणाले, मग गावचं पाणी पचत नाही म्हणजे ही बॅटरी सुरतेचीच दिसते. नवी बॅटरी घेतली, तिलाही माळ घातली, आणि पाणी घालायला दर वेळी मला बोलावू लागले.

त्यांच्या घरात नाना आणि इंदूवहिनी, दोघंच. मुलगी लग्न होऊन गेलेली. वहिनी कामसू, बोलायला फटकळ आणि हाताला अशी चव की त्यांच्याकडे पाणी घालायला जायचं तर मी सकाळी जेवून निघत नसे. कळण्याची भाकरी, भरीत, वर त्यांचा स्वतःचा काळा मसाला. सोसायटीतल्या सगळ्या खानदेशी बायका वर्षाचा मसाला त्यांच्याच हाताखाली भाजायच्या. दळायला मात्र लांब जावं लागायचं, आणि तिथला माणूस आधीच्या गिऱ्हाईकाची धण्याची पूड यांच्या मिरचीत मिसळायचा. वहिनींच्या मनात होतं, घराशेजारी खोली काढायची आणि मिरची-मसाला दळायचं स्वतःचं मशीन टाकायचं.

नानांच्या मनात होती पवनचक्की.

सुरतेतल्या खानदेशी माणसाला पवनचक्कीचं वेड का लागतं, ते धुळ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये बसल्याशिवाय कळायचं नाही. नवापूरच्या पुढचा घाट संपला, साक्रीकडे आलं, की डोंगरावर त्या पांढऱ्या चक्क्या रांगेने फिरताना दिसतात. गावाहून परत आलेला प्रत्येक जण दुकानात येऊन मला विचारतो, ‘ताई, तशी एक लहान गच्चीवर बसवली तर?’ वारा फुकट, लाइटबिल शून्य. मनातले मांडे खायला बिल येत नाही. पण नानांनी प्रदर्शनातून रंगीत पत्रकच आणलं होतं, आणि रिटायरमेंटच्या पैशातला जो शेवटचा गठ्ठा राखून ठेवला होता, तो तिच्यावर घालायचा म्हणत होते. वहिनींचं मशीनही त्याच गठ्ठ्यातून यायचं होतं. दोन्ही होणं शक्य नव्हतं.

दोघं एकदम दुकानात येऊन उभे राहिले. चेहऱ्यांवरून दिसत होतं की रिक्षात भांडत आलेत. नानांनी पत्रक माझ्यापुढे ठेवलं. वहिनींनी ते उलटं करून ठेवलं. शेवटी दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं: शोभाताई सांगेल ते. मला न्यायाधीश व्हायची मुळीच हौस नाही. पण माझ्याकडे न्याय करायची एक वस्तू होती.

ती म्हणजे चिंधी. पवनचक्की मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला मी साडीच्या फॉलची एक पट्टी देते. सुती, जरा जाड. जॉर्जेट चालत नाही, ते कोणी उसासा टाकला तरी उडतं. गच्चीवर उंच बांबू बांधायचा, टोकाला ही पट्टी, आणि वर्षभर बघायचं. पट्टी लोंबत असेल तर वारा नाही. फडफडत असेल तर आपल्याला बरं वाटेल, पण चक्कीला नाही. पट्टी काठीपासून सरळ आडवी ताणली गेली, तर आणि तरच चक्कीच्या कामाचा वारा. वर्षभर म्हटलं की निम्मी गिऱ्हाईकं तिथेच गळतात, उरलेली बांबू बांधतात आणि विसरतात. नाना विसरणारे नव्हते. त्यांनी पट्टी घेतली, बोटांनी चोळून बघितली, आणि आडवे धागे कमी आहेत म्हणून नाव ठेवलं.

मग सुरू झाले व्हॉट्सॲपवरचे आवाज. नानांना टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे बोलून पाठवायचे. संध्याकाळी चहाच्या वेळेला माझा फोन वाजायचा: ‘ताई, वारा उना. आडवी.’ उना म्हणजे आला. आनंद झाला की नाना अहिराणीत जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा आवाज: ‘शोभाताई, पापड घालायला वर आलेय. लोंबतेय.’ संध्याकाळी पुन्हा आडवी. सकाळी पुन्हा लोंबती. दोघांपैकी कोणीतरी थापा मारतंय असं मला वाटायला लागलं. प्रत्यक्ष जाऊन बघितलं तेव्हा कळलं, दोघंही खरं बोलत होते. नाना दुपारची झोप झाल्यावर चढायचे, तेव्हा समुद्राकडून वारा आलेला असायचा. वहिनी सकाळी जायच्या तेव्हा पानही हलत नसे. आपापल्या सोयीचा वारा बघणं चाललं होतं.

मी फर्मान काढलं की वेळा बदला. नानांनी सकाळी जायचं, वहिनींनी संध्याकाळी. पहिल्या सकाळी नानांचा आवाज आला तो नुसता शांत. लांब कुठे कावळा ओरडतोय, कोणाचा तरी पंप चाललाय, बाकी काही नाही. बराच वेळ तसाच गेला आणि शेवटी नानांनी फक्त ‘नाही’ म्हटलं. मी तो दुकानात सगळ्यांना ऐकवला. आमचे हेसुद्धा हसले.

उत्तरायण आलं. त्या दिवशी सुरतेत जमिनीवर कोणी नसतं, सगळं गाव गच्चीवर. मी संध्याकाळी उंधियू घेऊन नानांकडे गेले तर नाना बांबूपाशी कात्री घेऊन उभे. पट्टी कुठे दिसतच नव्हती. कापल्या गेलेल्या पतंगांचा मांजा बांबूला असा गुंडाळला होता की टोकाला भलं मोठं गुलाबी बोंड झालं होतं. नाना सकाळपासून तो सोडवत होते आणि नवा येऊन अडकत होता. नाना स्वतःच म्हणाले की हा तर उभा बांबू आहे, नुसता उभा राहून एवढा मांजा ओढतो. फिरती चक्की असती तर तिची बॉबिनच भरली असती. आयुष्यभर बॉबिनी भरताना बघितलेला माणूस तो. त्यांचा चेहरा तेव्हाच जरा उतरला होता, पण वहिनींनी पुढे केलेली तिळाची चिक्की त्यांनी मुकाट्याने घेतली.

वर्ष पूर्ण झाल्यावर मी निकाल द्यायला गेले. गिऱ्हाईकाला ‘घ्या’ म्हणणं सोपं असतं, ‘घेऊ नका’ म्हणायला जीभ जड होते, आणि खरं सांगायचं कमिशनही कोणी देत नाही.

मी नानांना सांगितलं, वारा निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरते. चक्कीचं सगळं दुखणं इथे आहे. पट्टी नुसती फडफडत असेल तेव्हा चक्की फिरताना दिसेल, बघायला छान वाटेल, पण बॅटरीत थेंब थेंबच पडेल. पत्रकावर जी ताकद छापलीय ती वादळी वाऱ्यातली, आणि तसा वारा कामरेजला आला की आपण आधी गच्चीवरचे कपडे काढतो. साक्रीच्या चक्क्या डोंगरावर आहेत, त्यांचा खांबच आपल्या पाच-सहा घरांहून उंच. इथे आपल्या आजूबाजूला टाक्या, बंगले, निलगिरी. प्रत्येक जण वाऱ्याचा एकेक घास खातो. त्यात ती घरघरणार, स्लॅबला कंप देणार, तिचं बेअरिंग बदलायला माणूस शोधत फिरावं लागणार. एवढ्याच पैशात सोलरच्या प्लेटा घेतल्या तर त्या गुपचूप ऊन खात पडून राहतील आणि कितीतरी जास्त देतील. नाना, तुमच्या वाऱ्यात दोष नाही, तो सकाळी उठत नाही एवढंच.

नानांनी पत्रकाची घडी घातली. मग म्हणाले, ‘ताई, लूमच्या खात्यात खिडकी उघडायची नसते. वारा आला की सूत उडतं, धागा तुटतो. आयुष्यभर माझं काम एकच, कोणी खिडकी उघडली की ओरडायचं. म्हटलं, ज्याला जन्मभर बाहेर ठेवलं त्याला म्हातारपणी घरी कामाला बोलवावं.’

माझ्याच्याने वर बघवेना. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला लाइटबिल वाचवायचंय. वहिनी म्हणाल्या, राहू द्या माझं मशीन, घ्या तुमची चक्की. नाना लगेच भडकले, की पट्टी जे म्हणाली ते म्हणाली, मास्टर माणूस खोटं कापड पास करत नाही. दुसऱ्या आठवड्यात खोलीचा पाया खणला.

खोली झाली. पुढे गल्लीकडे पूर्वेला शटर, मागे पश्चिमेला एक दार, त्यापलीकडे मोकळा प्लॉट आणि शेतं. मशीन आलं. मोटर सुरू होताना एकदम मोठा घोट मागते, म्हणून मी इन्व्हर्टर मोठा घेतला, बॅटऱ्यांची ओळ लावली. हिशोब असा केला की दुरुस्तीचा बंद असला तरी वहिनींचं मशीन थांबत थांबत दिवस काढेल. प्लेटांचं पुढच्या वर्षी बघू म्हटलं, कारण गठ्ठा संपला होता. काय काय चालणार, ते मी वहिनींना तीनतीनदा विचारलं. मशीन आणि एक ट्यूब, ताई, बाकी काही नाही.

सीझन सुरू झाला आणि लग्नसराईत तो मेसेज आला. उद्या दिवसभर पुरवठा बंद. आसपासच्या सगळ्या गिरण्या बंद राहणार होत्या, आणि वहिनींनी सगळीकडे सांगून टाकलं, माझ्याकडे या, माझं मशीन थांबत नाही. चलथाणहून साखर कारखान्यातल्या पाटलांची बायको लेकीच्या लग्नाची मिरची आणि मसाला घेऊन आली. लग्न गावाकडे, सामानाचा टेम्पो त्याच संध्याकाळी निघणार. मसाला त्यात गेला नाही तर लग्नात बाजारचं पाकीट. खानदेशी लग्नात पाकिटाचा मसाला म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. वहिनींनी शब्द दिला होता. मी आणि आमचे हे मुद्दाम बघायला गेलो होतो, आपली बॅटरी एवढी मिरवणार म्हणून. भाकरीचंही आमंत्रण होतंच.

खोलीत बायकांची जत्रा. पोत्यांवर पोती, त्यातली कितीतरी मागच्या दाराला टेकवून रचलेली. मशीन छान चाललं होतं, लाल पूड पडत होती, आणि आश्चर्य म्हणजे मिरचीचा खाट, तो ठसका, अजिबात नव्हता. मी कौतुकाने आत जाऊन वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. भिंतीत वर दोन एक्झॉस्ट पंखे. असे तसे नाहीत, कारखान्यातले, जुने, बैलगाडीच्या चाकाएवढे. नानांचं जुनं लूमखातं बंद पडलं होतं, तिथून त्यांनी ते भंगाराच्या भावात आणले होते. खाट जातो म्हणून वहिनीही खूश. मला कोणी सांगितलं नाही, कारण पंखे ते, पंख्यांना काय लागतं. ते दोघं मिळून जवळजवळ मशीनइतकंच खात होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात इन्व्हर्टरच कूं कूं करायला लागला. टाकी तळाला आली होती. दुपार झाली होती आणि लग्नाची निम्मी मिरची अजून अख्खीच होती.

मी पंखे बंद करायला लावले. फक्त मशीन ठेवलं तर उरलेली मिरची कशीबशी निघाली असती. पंखे थांबले आणि थोड्याच वेळात खोलीत कोणाला उभं राहवेना. खाट डोळ्यात, नाकात, घशात. वहिनी पदर तोंडाला बांधून मशीनपाशी उभ्या, डोळ्यांतून धारा. शिंकांचा नुसता पाऊस. पाटीलबाई बाहेर ओट्यावर रडत होत्या, आता ते खाटाने की टेम्पोच्या काळजीने, कळायला मार्ग नव्हता. पंखे लावावेत तर बॅटरी बसते, न लावावेत तर माणसं बसतात. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात पसरले. वहिनींनी मशीन बंद केलं, आणि त्या पाटीलबाईंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

नाना इतका वेळ कुठे होते कोण जाणे. ते गच्चीच्या जिन्यावरून उतरत होते. घाई नाही, गडबड नाही. खोलीत आले आणि मागच्या दाराला टेकलेली पोती बाजूला ओढायला लागले. वहिनी म्हणाल्या, ते कशाला. नाना ओढतच राहिले. आमचे हे पुढे झाले, मीही पदर खोचला. पोती हलली, कडी काढली, पण दार उघडेना. लाकूड फुगलं होतं. नानांनी खांदा लावला. शटर पूर्ण वर करा म्हणाले.

दार उघडलं आणि वारा आत आला.

झुळूक नव्हे, वारा. शेतांवरून सरळ, कोणी न अडवलेला, संध्याकाळच्या चहाच्या वेळेचा तो नानांचा वारा, जरा लवकर आलेला. मागच्या दारातून शिरला आणि सगळा खाट घेऊन शटरमधून बाहेर गल्लीत गेला. बायकांच्या पदरांचे शेव एकदम पुढे उडाले. नाना खोलीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, ‘इंदू, लाव मशीन. दिवस मावळेपर्यंत हा कुठे जात नाही. वर्षभर बघितलाय मी त्याला.’

वहिनींनी मशीन लावलं. पंख्यांवाचून बॅटरी शांत झाली, कूं कूं थांबलं. ट्यूबसुद्धा बंद केली, दारातून उजेड येतच होता. मी इन्व्हर्टरच्या दिव्याकडे डोळे लावून बसले होते, आणि खरं सांगते, इतकी वर्षं बॅटऱ्या विकल्या, पण एखादी पुरावी म्हणून देवाला हात जोडायची वेळ त्याच दिवशी आली. खाट सगळा समोरच्या गल्लीत जात होता. समोरचे पटेलकाका झोपाळ्यावर बसले होते, त्यांनी शिंकत शिंकत विचारलं, ‘इंदूबेन, आ शुं मांड्युं छे?’ वहिनींनी त्यांना सांगितलं, काका, आज लग्न आहे, जरा आत बसा. काका आत गेले आणि आतूनही शिंकताना ऐकू येत राहिले.

ऊन उतरलं तेव्हा शेवटची मिरची निघाली, आणि तिच्या पाठोपाठ मसाला. पाटीलबाई डबे टेम्पोत चढवून निघाल्या, तेव्हा त्यांनी वहिनींना मिठी मारली. दोघींच्या साड्या लालभडक. मला आतून इतका आनंद झाला होता की मी नानांवर पंख्यांसाठी ओरडायचं विसरून गेले. जेवताना आठवलं, तेव्हा ओरडले. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, तुम्ही म्हणालात ना ताई, वाऱ्याची वीज करणं परवडत नाही. मग नाही केली. तसाच वापरला.

आमचे हे तेव्हा बोलले. त्यांचं त्या दिवसाचं बहुतेक चौथं वाक्य. ते म्हणाले, ‘हिच्यापेक्षा तुमचा हिशोब बरोबर.’ मी त्यांच्याकडे बघितलं, पण जेवण फार चांगलं होतं, सोडून दिलं.

आता तिथे मागच्या भिंतीत दाराशेजारी मोठी खिडकी आहे. पटेलकाकांनी रीतसर तक्रार केली म्हणून पुढच्या बाजूला वर उंच धुराडं काढलंय. खाट त्यातून वर जातो आणि काकांना वर्षाचा मसाला फुकट मिळतो. पंखे भंगारात परत गेले. छपरावर प्लेटा आल्या. आणि खिडकीच्या गजाला माझी ती फॉलची पट्टी बांधलेली आहे. पट्टी लोंबत असेल तोवर वहिनी हळद आणि धणे दळतात. आडवी झाली की मिरची. सोसायटीतल्या बायका मिरची घेऊन निघताना नानांना फोन करून विचारतात, आडवी झाली का?

मला एका गोष्टीची रुखरुख आहे. नव्या बॅटऱ्या लिथियमच्या. भिंतीला टांगायच्या, पाणी नको, ॲसिड नको. सुनेच्या साड्या शाबूत आहेत, पण पाणी घालायला म्हणून कोणाच्या घरी जायचं कारणच उरलं नाही. नानांकडेही आमच्या लेकाने त्याच बसवल्या. त्या दसऱ्याला नानांनी नव्या बॅटरीचं झाकण शोध शोध शोधलं आणि मग मला फोन करून विचारलं की हिला पाणी कुठून पाजतात. मी म्हटलं, ही पितच नाही. नाना म्हणाले, मग तुम्ही काय निमित्ताने याल? तेव्हापासून मी निमित्ताशिवाय जाते.

आणि एखाद्या संध्याकाळी, दुकानात गर्दी असताना, अजूनही नानांचा आवाज येतो फोनवर. शब्द एकही नसतो. मशीनची घरघर असते, मागे कोणीतरी शिंकतं, वहिनी हसतात, आणि या सगळ्याच्या वर मोठ्याने वाहणारा वारा असतो. मी तो शेवटपर्यंत ऐकते. गिऱ्हाईक थांबतं तेवढा वेळ.